बी, जमीन आणि राखणदार : कर्करोगाच्या गाठीभोवतीचे जग



तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज कर्करोगावर बोलणार, हे ऐकून काही जणांच्या भुवया वर गेल्या असतील. आम्ही डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाला कोणता उपचार घ्या हे सांगणार नाही. पण गेल्या काही दशकांत कर्करोगाकडे बघण्याच्या पद्धतीत जो मोठा बदल झाला, तो मुळात 'कारण कशाला म्हणायचं?' या प्रश्नातला बदल आहे, आणि हा प्रश्न आमच्या घरचा. दुसरी गोष्ट अशी, की या विषयाशी जोडलेला, जगभर गाजलेला एक अभ्यास आपल्याच धाराशिव जिल्ह्यात झाला. जगातल्या तज्ज्ञांना उस्मानाबाद हे नाव त्या अभ्यासामुळे ठाऊक आहे. आपल्याला मात्र तो फारसा ठाऊक नाही. म्हणून हा विषय घेतला.

एका शल्यचिकित्सकाला पडलेला प्रश्न

१८८९ साली लंडनमधल्या स्टीफन पेजेट नावाच्या शल्यचिकित्सकाने 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक लेख लिहिला. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी त्याने तपासल्या होत्या. प्रश्न साधा होता. कर्करोगाच्या पेशी रक्ताबरोबर शरीरभर फिरतात, तर त्या कुठेही रुजायला हव्यात. यकृताला रक्त जातं, प्लीहेलाही जातं. मग यकृतात गाठी भरपूर सापडतात आणि प्लीहेत क्वचितच, असं का?

पेजेटचं उत्तर शेतकऱ्याचं उत्तर होतं. वारा बी सगळीकडे नेतो, पण योग्य जमीन मिळाली तरच ते उगवतं. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगायला नको. एकाच पिशवीतलं सोयाबीन काळ्या रानात पेरा, मुरमाड माळावर पेरा आणि चोपण जमिनीत पेरा. बी तेच, पण पीक एक येईल का? आणि काळं रान असलं तरी वापसा नसताना पेरलं तर बी कुजून जातं. म्हणजे नुसती जमीन पाहून भागत नाही, त्या जमिनीची त्या वेळची अवस्थाही पाहावी लागते.

भारतीय दर्शनांनी कार्यकारणाची चर्चा करताना बी आणि अंकुर हेच उदाहरण पुनःपुन्हा घेतलं आहे. बौद्धांच्या शालिस्तंब सूत्रात अंकुराचा हेतू म्हणून बी सांगितलं आहे, आणि त्याच्या जोडीला पृथ्वी, जल, तेज, वायू, आकाश आणि ऋतू हे प्रत्यय, म्हणजे सोबतच्या अटी सांगितल्या आहेत. त्या एकत्र आल्याशिवाय अंकुर नाही. न्यायदर्शनात अशांना सहकारी कारणं म्हणतात. 'सहकारी' या शब्दावरून ती दुय्यम वाटतात, पण ती नसली तर कार्य होतच नाही.

पेजेटचा विचार पुढे बराच काळ मागे पडला. १९७० नंतर जनुकांचा शोध वेगाने लागत गेला. कोणत्या जनुकात बिघाड झाला की पेशी बेबंद वाढते, हे कळू लागलं आणि सगळं लक्ष बियाण्याकडे गेलं. ते चुकीचं नव्हतं. बिघडलेल्या जनुकांशिवाय कर्करोग होत नाही. पण त्यातून उपचाराची एकच कल्पना पक्की झाली: वाईट पेशी शोधा आणि मारा. आजूबाजूच्या निरोगी पेशींचा या कथेत काही वाटा असेल, असं फारसं कुणी धरत नव्हतं.

गाठीत कोण कोण राहतं?

'गाठ' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कर्करोगाच्या पेशींचा एकसंध गोळा येतो. सूक्ष्मदर्शकाखाली तसं दिसत नाही. गाठ म्हणजे एक वस्ती असते. तिच्यात कर्करोगाच्या पेशी असतात, तशाच रक्तवाहिन्या असतात, कोलॅजेनचे धागे विणणाऱ्या पेशी असतात आणि अनेक प्रकारच्या पांढऱ्या पेशीही असतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगासारख्या काही गाठींत तर कर्करोगाच्या पेशी अल्पसंख्य असतात, बाकी सगळी इतर मंडळी! या सगळ्या परिसराला 'ट्यूमर मायक्रोएन्व्हायर्न्मेंट' म्हणतात. आपण त्याला गाठीचा परिसर म्हणू.

गाठींमध्ये पांढऱ्या पेशी असतात हे जर्मनीच्या रुडॉल्फ फिरकोने १८६३ सालीच नोंदवलं होतं. पण त्या तिथे काय करतात? १९८६ साली अमेरिकेतल्या हॅरोल्ड ड्वोरॅक यांनी गाठीला कधीच न भरणारी जखम म्हटलं. फार अर्थपूर्ण वर्णन आहे हे. जरा समजून घेऊ.

विळ्याने बोट कापलं की काय होतं? आधी रक्त गोठतं. मग पांढऱ्या पेशी येऊन घाण साफ करतात. नंतर धागे विणणाऱ्या पेशी येतात, नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, नवी कातडी धरते. आणि शेवटी 'पुरे झालं' असा निरोप जातो. सगळे कामगार घरी जातात. कर्करोगाची गाठ हीच दुरुस्तीची यंत्रणा सुरू करून घेते, पण 'पुरे झालं' हा निरोप कधी पोचतच नाही. कामगार राबत राहतात. रक्तवाहिन्या वाढत राहतात, पण वेड्यावाकड्या आणि गळक्या. धाग्यांचं जाळं घट्ट होत जातं. शरीराची चांगली सवय शरीरावरच उलटते.

इथे पेजेटची उपमा थोडी अपुरी पडते. शेतातलं बी जमीन बदलत नाही, मिळेल त्या जमिनीत जगायचा प्रयत्न करतं. कर्करोगाची पेशी मात्र आपल्याभोवतीची जमीन स्वतःला सोयीची करून घेते. शेजारच्या निरोगी पेशींना रासायनिक निरोप धाडते आणि त्यांच्याकडून काम करून घेते.

राखणदार असताना चोरी होते कशी?

आता प्रतिकारशक्तीकडे येऊ. जोंधळा हुरड्यात आला की राखणदार माळ्यावर बसतो, गोफण फिरवतो. आपल्या शरीरात असे राखणदार पुष्कळ आहेत. त्यांतले कर्करोगाच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टी-पेशी. त्या प्रत्येक पेशीजवळ जातात आणि तिच्या पृष्ठभागावर मांडलेले प्रथिनांचे तुकडे तपासतात. तुकडा ओळखीचा असला तर पुढे जातात, परका असला तर ती पेशी मारतात.

विसाव्या शतकाच्या मध्यावर ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लन बर्नेट यांनी प्रतिकारशास्त्राची मांडणी 'स्व' आणि 'पर' या भेदावर केली. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हे फार आवडलं, कारण आत्म आणि अनात्म हा आमचा जुना खेळ. पण कर्करोग या भेदाची परीक्षा घेतो. कर्करोगाची पेशी बाहेरून आलेली नसते. ती आपलीच असते, फक्त थोडी बदललेली. मग राखणदाराने तिला चोर म्हणायचं की घरचा?

उत्तर असं, की बऱ्याचदा तो तिला ओळखतो. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना नवा अवयव टिकावा म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. अशा रुग्णांत काही कर्करोगांचं प्रमाण वाढतं. एचआयव्हीची लागण असलेल्या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो. राखणदार निजला की चोरी वाढते, याचा अर्थ एरवी तो काम करत होता.

२००२ साली गॅव्हिन डन, लॉइड ओल्ड, रॉबर्ट श्रायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या तीन अवस्था मांडल्या. पहिली निर्मूलन : बिघडलेल्या पेशी मारल्या जातात, आपल्याला पत्ताही लागत नाही. दुसरी समतोल : काही पेशी उरतात, पण राखणदार त्यांना वाढू देत नाही. ही अवस्था वर्षानुवर्षं चालू शकते. तिसरी निसटणं : राखणदाराच्या नजरेतून सुटणाऱ्या पेशी निवडल्या जातात, त्या वाढतात आणि गाठ हाताला लागते.

निसटायला मदत करतो तो हाच परिसर. कसा ते एकेक करून पाहू.

एक, कुंपण. कोलॅजेनचं जाळं इतकं दाट होतं की टी-पेशी काठावरच अडकतात.

दोन, हवापाणी. गळक्या रक्तवाहिन्यांमुळे आतल्या भागात ऑक्सिजन कमी पोचतो. कर्करोगाच्या पेशी साखर भरमसाट वापरतात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. अशा आंबट, कोंदट जागेत टी-पेशींची ताकद घटते.

तीन, फितुरी. मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पांढऱ्या पेशी खरं तर लढणाऱ्या. पण गाठीत त्यांना जखम भरण्याच्या कामाला जुंपलं जातं आणि त्या गाठीला मदत करू लागतात. नियंत्रक टी-पेशींचं एरवीचं काम 'शांत व्हा' असं सांगण्याचं. त्याही गाठीत गोळा होतात.

चार, ब्रेक. टी-पेशीच्या अंगावर पीडी-१ नावाची एक कळ असते. ती दाबली की पेशी थांबते. अनेक गाठींतल्या पेशी पीडी-एल१ नावाचं प्रथिन पुढे करून नेमकी ती कळ दाबतात. राखणदार चोरासमोर उभा आहे, त्याला ओळखतोही आहे, पण हात उचलत नाही.

यावरून गाठींचे ढोबळ तीन प्रकार करतात. ज्यांच्या आत टी-पेशी शिरलेल्या आहेत त्या गरम. ज्यांच्या काठावरच टी-पेशी अडकल्या आहेत त्या अडवलेल्या. आणि जिथे त्या फिरकलेल्याच नाहीत त्या थंड. एकाच अवयवाचा, एकाच टप्प्याचा कर्करोग असलेल्या दोघांना एकच औषध दिलं, एकाला गुण आला, दुसऱ्याला नाही, याचं एक मोठं कारण या फरकात आहे.

इथे जरा थांबून एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. 'प्रतिकारशक्ती वाढवा, कर्करोग पळेल' असं सांगून चूर्ण, काढे, थेंब विकणारे गावोगाव भेटतात. आता आपण पाहिलं ते लक्षात घ्या. रुग्णाच्या शरीरात राखणदार बहुतेक वेळा असतातच. अडचण कुंपणाची आहे, फितुरीची आहे, दाबलेल्या कळीची आहे. ती कोणत्याही चूर्णाने सुटत नाही. शिवाय प्रतिकारशक्ती म्हणजे बाटलीत भरून वाढवायची वस्तू नव्हे. तिचे ब्रेक सैल झाले तर ती आपल्याच सांध्यांवर, थायरॉइडवर हल्ला करते. अशा औषधांच्या नादात जे तीन-चार महिने जातात, तेच महिने अनेकदा निर्णायक असतात.

धाराशिवचा अभ्यास

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. गर्भाशयमुखाचा कर्करोग, ज्याला आपल्याकडच्या बायका पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात, तो जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूच्या चिवट लागणीतून होतो. त्यातले १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून सुमारे ७० टक्के रोग घडवतात. ही लागण अतिशय सामान्य आहे. लैंगिक संबंध सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना ती कधी ना कधी होते. त्यात चारित्र्याचा काही संबंध नाही, हे नीट ऐकून ठेवा. आणि बहुतेक स्त्रियांच्या शरीरातले राखणदार दोनेक वर्षांत हा विषाणू हटवतात.

मग थोड्या जणींमध्येच तो का टिकतो? कारण तो फार गुपचूप राहतो. बारीकशा खरचटण्यातून तो अस्तराच्या सर्वांत खालच्या थरात शिरतो. पेशी फोडत नाही, रक्तात उतरत नाही, दाह होऊ देत नाही. आरडाओरड नाही, म्हणून राखणदाराला चाहूल नाही. टिकून राहिलेल्या विषाणूची ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिनं पेशीच्या आतले दोन महत्त्वाचे पहारे निकामी करतात. तरीही कर्करोग व्हायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात. आधी कर्करोगपूर्व बदल होतात, त्यांतले बरेच आपोआप जातातही. समतोलाची जी अवस्था आपण मघाशी पाहिली, तिचा इतका लांब आणि उघड काळ दुसऱ्या कर्करोगांत क्वचितच मिळतो. तपासणीला ही एवढी मोठी संधी आहे.

या भागात या रोगाची पद्धतशीर नोंद बार्शीहून सुरू झाली. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांच्या कामातून १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी उभी राहिली. तिच्यात बार्शी तालुक्याबरोबर आपल्या जिल्ह्याचे परंडा आणि भूम हे तालुके होते. खेड्यातला रुग्ण आपणहून रुग्णालयात येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून कार्यकर्ते गावोगाव जात, लोकांशी बोलत, लक्षणं समजावून सांगत.

त्या पायावर १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे डॉ. भगवान नेने, टाटा मेमोरियलची मंडळी आणि फ्रान्समधल्या लिऑंच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन यांचा त्यात पुढाकार होता. ३० ते ५९ वर्षं वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडून चिठ्ठ्या टाकल्यासारखी चार भागांत विभागणी केली. एका भागात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी म्हणजे पॅप चाचणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात नेहमीची सेवा व आरोग्यशिक्षण. तपासणी आयुष्यात एकदाच. नंतर आठ वर्षं पाठपुरावा.

निकाल २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. तपासणी नसलेल्या गटातल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी या रोगाने गेल्या. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या, त्यांच्यापैकी ३४. मृत्यूचा धोका जवळपास निम्मा झाला. पुढच्या टप्प्याला गेलेला रोग पहिल्या गटात ८२ जणींत आढळला, दुसऱ्यात ३९ जणींत. बाकी दोन चाचण्यांच्या गटांत मृत्यूंमध्ये म्हणावी अशी घट दिसली नाही. ज्यांची चाचणी निर्दोष आली होती, त्यांच्यात पुढे रोग होण्याचं प्रमाण एचपीव्ही गटात वर्षाला लाखामागे ३.७ होतं, पॅप गटात १५.५ आणि डोळ्यांच्या पाहणीत १६.

हा फरक का पडला, ते आता तुम्हीच सांगू शकाल. पॅप आणि आम्लाची पाहणी या दोन्ही चाचण्या पेशीत दिसण्याजोगा बदल झाला आहे का हे बघतात, आणि ते ओळखणं बघणाऱ्याच्या नजरेवरही अवलंबून असतं. एचपीव्ही चाचणी त्याच्याही आधी, विषाणू तिथे आहे का, हे विचारते. 'नाही' असं उत्तर आलं तर पुढची अनेक वर्षं त्या बाईला जवळजवळ निर्धास्त राहता येतं.

परिसर बदलणारे उपचार

रोग झाल्यावर काय? तिथेही परिसराचा विचार उपचारात शिरला आहे, काही ठिकाणी नकळत फार पूर्वीपासून.

रेडिएशनचं उदाहरण घ्या. रेडिएशनला काम करायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला तीनपटीपर्यंत जास्त मात्रा लागू शकते. म्हणून गर्भाशयमुखाच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन डॉक्टर काळजीने बघतात, आणि आपल्या भागात बायकांच्या अंगात रक्त कमी असणं किती सामान्य आहे, हे सांगायला नको. टाटा मेमोरियलने ८५० स्त्रियांवर केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांना रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन हे औषध दिल्यावर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ४६ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर गेलं. म्हणजे पुढच्या टप्प्यातही निम्म्याहून अधिक बायका पाच वर्षांनंतर जिवंत होत्या. 'कॅन्सर म्हणजे संपलं' असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मघाच्यासारख्या कळींचा शोध ज्यांच्यामुळे उपचारापर्यंत पोचला, त्या जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ साली नोबेल मिळालं. ही औषधं कर्करोगाच्या पेशीला हातही लावत नाहीत. ती फक्त दाबलेली कळ सोडवतात आणि राखणदाराला मोकळं करतात. त्यांतल्या पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाची जोड रेडिएशन-केमोला दिल्यावर पुढच्या टप्प्यातल्या गर्भाशयमुखाच्या रुग्णांत तीन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांवरून ८३ टक्क्यांच्या आसपास गेल्याचं २०२४ साली प्रसिद्ध झालं. मात्र थंड गाठींत मोकळं करायला राखणदारच नसतो, तिथे ही औषधं फारशी चालत नाहीत. आणि ब्रेक सुटल्यावर थायरॉइड, आतडी, फुप्फुसं यांना इजा होऊ शकते, त्यामुळे हा उपचार बिनधोक म्हणता येत नाही.

टी-पेशी बाहेर काढून, त्यांना नवी ओळख शिकवून परत सोडण्याचा कार-टी उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून देशात तयार केला. त्याला २०२३ साली मंजुरी मिळाली. पण तो रक्ताच्या काही कर्करोगांवर आहे. रक्तातली पेशी उघड्यावर असते, तिच्याभोवती कुंपण नसतं. घट्ट गाठींमध्ये हेच शिकवलेले राखणदार परिसरापुढे अडखळतात.

उलट उदाहरण बीसीजीचं. आपल्या सगळ्यांच्या दंडावर जिचा व्रण आहे, ती क्षयाची लस. तिच्यातलेच जिवाणू मूत्राशयाच्या सुरुवातीच्या कर्करोगात थेट मूत्राशयात सोडतात. त्यांच्यामुळे तिथे दाह होतो, राखणदार धावून येतात आणि थंड जागा गरम होते. १९७६ पासून हा उपचार माहीत आहे, आणि त्यासाठीची बीसीजी पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्येही तयार होते.

आणि आता पैशाचा प्रश्न. कळ सोडवणाऱ्या औषधांचा खर्च लाखांत जातो. आपल्या देशातल्या फार थोड्या रुग्णांना तो झेपतो. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी विचारलं, पूर्ण मात्रा खरंच लागते का? तोंड आणि घशाच्या पुढच्या टप्प्यातल्या १५१ रुग्णांवर त्यांनी चाचणी केली. एका गटाला कमी मात्रेतल्या तीन स्वस्त गोळ्या, दुसऱ्याला त्याच गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम. एरवी ते दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. त्या गोळ्यांतली एक, सेलेकॉक्सिब, मूळची दाह आणि वेदना कमी करणारी आहे. थोड्या मात्रेतल्या अशा गोळ्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखतात आणि परिसरातली फितुरी कमी करतात, अशी त्यामागची धारणा आहे. तंबाखू-गुटख्याने तोंडं उघडेनाशी झालेल्या आपल्या भागासाठी हे संशोधन दूरचं नाही.

एक चिठ्ठी आणि शेवटचं थोडं

एक चिठ्ठी आली आहे. एक ताई विचारतात, 'ज्या गटाला तपासणी दिली नाही, त्यांच्यावर अन्याय झाला नाही का?'

प्रश्न योग्य आहे, आणि तो जगातही विचारला गेला. टीकाकार म्हणाले, पाश्चात्त्य देशांत पॅप चाचणीने मृत्यू घटल्याचं माहीत असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवणं गैर. बाजू घेणारे म्हणाले, या जिल्ह्यात तेव्हा तपासणीची सोयच नव्हती, आणि खेड्यात कोणती पद्धत चालेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पॅप चाचणीचाच एका फेरीत इथे प्रभाव दिसला नाही, हे दुसऱ्या बाजूला बळ देतं. तरी पहिली बाजू त्यामुळे खोटी ठरत नाही, कारण निकाल आधी माहीत नव्हता. आमचं मत विचाराल तर असं : त्या अभ्यासाचं नैतिक मोल अभ्यास संपल्यावर काय झालं यावर बरंचसं ठरतं. ज्या ज्ञानासाठी इथल्या बायका उभ्या राहिल्या, त्याचा पहिला लाभ इथल्या बायकांना मिळायला हवा.

तो मिळाला का? सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी जी तपासणी ठरवली आहे, ती मुख्यतः आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची. ती निरुपयोगी नाही. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये ती चार फेऱ्यांत पुनःपुन्हा केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण आपल्या जिल्ह्याने एका फेरीत मृत्यू निम्म्यावर आणणारी चाचणी जगाला दाखवून दिली, आणि ती चाचणी आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात नेहमीची व्हावी, असं मागण्याचा हक्क या जिल्ह्याइतका कुणालाच नाही. ही मागणी ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत व्हायला हवी.

लसीचंही तसंच. एचपीव्ही लशीच्या एका मोठ्या भारतीय अभ्यासात बार्शी हे एक केंद्र होतं. २०१० साली तो मध्येच थांबवावा लागला आणि अनेक मुलींना एकच डोस मिळाला. पुढे दहा वर्षं पाहिल्यावर एका डोसनेही चिवट लागणीपासून जवळपास तेवढंच संरक्षण मिळतं असं दिसलं, आणि एका डोसच्या जागतिक शिफारशीला त्याचा आधार मिळाला. सीरमची सर्व्हाव्हॅक ही देशी लसही २०२३ पासून आली आहे. मुलींना ९ ते १४ या वयात ती दिली, तर राखणदाराला चोराचा चेहरा आधीच दाखवून ठेवल्यासारखं होतं. झालेला रोग मात्र लस बरा करत नाही.

आणि घरी जाऊन एवढं सांगा. पाळी गेल्यावर पुन्हा लाल जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणं, अंगावरून दुर्गंधीयुक्त पांढरं जाणं, यातलं काही असेल तर लाजू नका, तपासून घ्या. तीस वर्षांपुढच्या बाईने काहीच त्रास नसतानाही तपासून घ्यावं. आपल्या घरांत बाई दुखणं अंगावर काढते, कारण घरात कुणी तिला 'चल, दाखवून येऊ' असं म्हणत नाही. पेशीभोवती परिसर असतो, तसा रुग्णाभोवतीही असतो, आणि त्या परिसरात आपण सगळे येतो. पुढच्या आठवड्यात घरातल्या एकीला तरी तपासणीला घेऊन जा.